घटस्फोट: कोर्टात लढून की मध्यस्थासमोर बसून?

घटस्फोटाचं पक्कं झालं की नातेवाइकांत पहिली चौकशी होते ती वकिलाची. "चांगला वकील बघ, आधी केस टाक, म्हणजे समोरचा आपोआप वठणीवर येईल," हा सल्ला मुलीकडच्यांना मिळतो तसा मुलाकडच्यांनाही मिळतो. मग एक केस पडते, तिला उत्तर म्हणून दुसरी, आणि बघता बघता एकाच संसारावर चार-पाच प्रकरणं उभी राहतात. फॅमिली कोर्टात घटस्फोटाचा अर्ज, पोटगीचा वेगळा अर्ज, मॅजिस्ट्रेटसमोर कौटुंबिक हिंसाचार कायद्याखालची केस, पोलीस ठाण्यात छळाची फिर्याद, मुलाच्या ताब्याचं आणखी एक प्रकरण. प्रत्येकाची तारीख वेगळी, फी वेगळी. आणि इतकं करून यातली कित्येक प्रकरणं शेवटी तडजोडीनेच मिटतात. तोवर वर्षं गेलेली असतात, शिल्लक संपलेली असते आणि मुलाच्या शाळेच्या फीबद्दल एकमेकांना साधा फोन करण्याइतकंही काही उरलेलं नसतं.

म्हणून मला कळकळीने सांगावंसं वाटतं, की ज्या टेबलाशी शेवटी बसावंच लागणार आहे, तिथे सुरुवातीलाच बसता येतं. त्यासाठी कायद्याने मध्यस्थीची सोय केलेली आहे, म्हणजे तटस्थ माणसासमोर बसून दोघांनी आपसांत अटी ठरवण्याची. मात्र ती प्रत्येकासाठी नाही, आणि कुणी तिथे बसू नये, हेही पुढे सांगणार आहे.

मध्यस्थ घटस्फोट देत नाही

आधी एक गैरसमज दूर करू. विवाह साधारणपणे कोर्टाच्या हुकमानेच संपतो. मध्यस्थापुढे सगळं ठरलं, सह्या झाल्या, तरी त्या क्षणी तुम्ही कायद्याने नवरा-बायकोच असता. ठरलेल्या अटी कोर्टापुढे ठेवायच्या, न्यायाधीशांनी दोघांना विचारून खात्री करायची आणि मग हुकूमनामा व्हायचा, हाच मार्ग.

आपल्याकडे अजूनही शंभर किंवा पाचशेच्या स्टॅम्प पेपरवर सोडचिठ्ठी लिहून, नोटरीचा शिक्का मारून मोकळे होणारे लोक आहेत. गावातली चार मोठी माणसं बसतात, भांडी-दागिने परत होतात, कागद होतो आणि दोघं दुसऱ्या लग्नाला लागतात. हिंदू विवाह कायद्यात रूढीने चालत आलेल्या काडीमोडीला कलम २९ मध्ये जागा आहे हे खरं, पण तशी रूढी आपल्या समाजात पूर्वापार आहे हे पुराव्याने सिद्ध करावं लागतं आणि ते सोपं नसतं. ते जमलं नाही तर दुसरं लग्न रद्दबातल ठरतं, वर द्विभार्या-द्विपतीच्या गुन्ह्याची टांगती तलवार. याचे चटके पुढे वारसा, पेन्शन, विमा अशा ठिकाणी बसतात आणि बहुतेकदा दुसऱ्या लग्नाच्या बाईला बसतात. जातपंचायतीच्या निवाड्याचं तर विचारूच नका. पंचांचं ऐकलं नाही म्हणून कुटुंबाला वाळीत टाकणं हा महाराष्ट्रात २०१६ च्या सामाजिक बहिष्कार प्रतिबंधक कायद्याने गुन्हा आहे. गावची बैठक किंवा पंचायत म्हणजे मध्यस्थी नव्हे.

कोर्टात लढायचं म्हणजे काय करायचं

एकाला घटस्फोट हवा आणि दुसऱ्याला नको, किंवा अटींवर जमत नाही, तेव्हा हिंदू विवाह कायदा १९५५ च्या कलम १३ खाली अर्ज करावा लागतो. त्यासाठी कारण लागतं: क्रूरता, सलग दोन वर्षं सोडून जाणं, विवाहबाह्य संबंध वगैरे. "आमचं पटत नाही, संसारात आता काही उरलं नाही" हे आपल्या कायद्यात आजही कारण नाही. २०२३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाच्या पाच न्यायमूर्तींच्या घटनापीठाने पूर्ण मोडलेला विवाह संपवता येतो असं सांगितलं, पण तो अधिकार राज्यघटनेच्या अनुच्छेद १४२ खाली फक्त सर्वोच्च न्यायालयाचा. फॅमिली कोर्टाला तसं करता येत नाही.

याचा परिणाम फार खोल होतो. घटस्फोट हवा तर समोरच्याचा दोष सिद्ध करा, असंच कायदा सांगतो. म्हणून अर्जात दोष लिहिले जातात, समोरच्याच्या लेखी कैफियतीत, म्हणजे उत्तरात, त्याहून जास्त परत येतात. नंतर कोर्ट वादाचे मुद्दे काढतं, मग सरतपासणीचं, म्हणजे स्वतःची साक्ष मांडणारं, प्रतिज्ञापत्र आणि मग उलटतपासणी. उलटतपासणीत दोन माणसं, जी कधीकाळी एका ताटात जेवली, त्यांना परक्या वकिलाच्या तोंडून स्वतःचे जुने व्हॉट्सअॅप मेसेज ऐकावे लागतात. "तुम्ही सासूबाईंच्या आजारपणात माहेरी होता, हे म्हणणं खरं आहे का?" "तुमचा पगार वाढला हे तुम्ही पत्नीपासून लपवलंत, हे म्हणणं खरं आहे का?" उत्तर हो किंवा नाही. मधलं काही सांगायचं असतं, ते राहून जातं. त्यानंतर युक्तिवाद, निकाल आणि हरलेल्याला उच्च न्यायालयात अपील.

वेळेचा अंदाज यावा म्हणून नागपूरचं एक प्रकरण सांगतो, ज्यात पुढे सर्वोच्च न्यायालयाने पोटगीबद्दल देशभरासाठी नियम घालून दिले. पत्नीने तान्ह्या मुलासह २०१३ मध्ये पोटगी मागितली. फॅमिली कोर्टाने २०१५ मध्ये अंतरिम पोटगी ठरवली, म्हणजे अंतिम निकालाआधीची तात्पुरती. नवरा उच्च न्यायालयात गेला, तिथे २०१८ मध्ये हरला, मग दिल्लीला. सर्वोच्च न्यायालयाचा निकाल नोव्हेंबर २०२० चा. फक्त तात्पुरत्या रकमेवरून सात वर्षं! तान्हं बाळ तोवर शाळेत जाऊ लागलं होतं. या निकालाचा फायदा मात्र सगळ्यांना झाला. आता पोटगीच्या दाव्यात दोघांनाही उत्पन्न, मालमत्ता आणि कर्जं यांचं प्रतिज्ञापत्र ठराविक नमुन्यात द्यावं लागतं आणि पोटगी अर्जाच्या तारखेपासून धरली जाते.

मध्यस्थीच्या खोलीत काय होतं

महाराष्ट्रात पुण्यात आणि मुंबईत फॅमिली कोर्टं १९८९ मध्ये सुरू झाली. त्यांचा कायदा १९८४ चा, आणि त्याच्या कलम ९ मध्ये आधी तडजोडीचा प्रयत्न करणं हे कोर्टाचं कर्तव्यच सांगितलं आहे. त्यामुळे अर्ज पडल्यावर तुम्हाला आधी समुपदेशकाकडे पाठवलं जातं. समुपदेशक हा कोर्टाचा माणूस. संसार वाचण्यासारखा आहे का, हे तो आधी पाहतो. मध्यस्थाचं काम वेगळं. तो संसार जोडायला बसलेला नसतो आणि तोडायलाही नाही. तुम्ही जे ठरवू पाहता, ते नीट ठरावं म्हणून तो बसतो. तो साधारणपणे अनुभवी वकील किंवा निवृत्त न्यायाधीश असतो, मध्यस्थीचं वेगळं प्रशिक्षण घेतलेला. २०१३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं की वैवाहिक वाद फॅमिली कोर्टांनी मध्यस्थीकडे पाठवून पाहिलेच पाहिजेत, त्यामुळे आता जवळपास प्रत्येक प्रकरणात ही पायरी येते. कोर्टाच्या मध्यस्थी केंद्रातल्या मध्यस्थाला पक्षकारांनी फी द्यायची नसते. खाजगी मध्यस्थ घेतला तर फी ठरवून दोघांनी वाटून घ्यायची.

खोलीत एक टेबल, चार-सहा खुर्च्या. पहिल्या बैठकीत मध्यस्थ नियम सांगतो: इथे बोललेलं बाहेर जाणार नाही, कोर्टात पुरावा म्हणून वापरता येणार नाही, मी साक्षीदार होणार नाही, मी निकालही देणार नाही. नंतर एकत्र बैठक, आणि मग बहुतेकदा दोघांशी वेगवेगळ्या बैठका. खरं काम या वेगळ्या बैठकांत होतं. तुम्ही "हे त्याला सांगू नका" म्हणालात तर मध्यस्थ सांगत नाही. जमलं नाही तर तो कोर्टाला एवढंच कळवतो की तडजोड झाली नाही. का नाही झाली, कोण अडून बसलं, यातलं एक अक्षरही त्या अहवालात नसतं.

एक कल्पित उदाहरण घेऊ, पण घडतं ते असंच. ती म्हणते ४० लाख पाहिजेत. तो म्हणतो १२ च्या वर एक रुपया नाही. कोर्टात हे दोन आकडे समोरासमोर उभे राहिले असते आणि दोघांच्या वकिलांनी आपापला आकडा लढवला असता. मध्यस्थ तिला वेगळं बसवून विचारतो, हे ४० कशाकशाचे? ती मोजते: भाड्याच्या घराचं डिपॉझिट, मुलीचं बारावीपर्यंतचं शिक्षण, स्वतःचा अर्धवट राहिलेला बी.एड.चा कोर्स आणि नोकरी लागेपर्यंतचा दोन वर्षांचा खर्च. उरलेला आकडा कुठून आला? मावसभावाच्या बायकोला तेवढे मिळाले होते म्हणून. त्याच्याकडे गेल्यावर कळतं की त्याला पैशांपेक्षा धास्ती आहे ती वेगळीच: एकदा रक्कम दिली की मुलगी भेटणार नाही. शिवाय फ्लॅटचा हप्ता दर महिन्याला कापला जातोय, त्यामुळे हातात रोख नाही. आता बोलण्यासारखं काहीतरी आहे. मुलीची फी थेट शाळेत भरायची, कोर्सची फी त्याने भरायची, रक्कम टप्प्याटप्प्याने द्यायची आणि भेटीचे दिवस कागदावर पक्के करायचे. शेवटचा आकडा ४० ही नसतो आणि १२ ही नसतो. दोघांच्याही गरजा त्यात बसलेल्या असतात.

मुलांच्या बाबतीत तर मला मध्यस्थीच पटते, आणि हे मी ठामपणे म्हणतो. न्यायाधीश मुलाचं हित पाहूनच निर्णय देतात, पण त्यांच्यापुढे वेळ थोडा आणि माहिती प्रतिज्ञापत्रातली. ते महिन्यातले दोन शनिवार-रविवार आणि अर्धी सुट्टी, असा हुकूम करतील. गणपतीला मूल कुठे असेल, भाऊबीजेला आत्याकडे जाईल का, आजोबांच्या आजारपणात मधल्या दिवशी भेटता येईल का, मे महिन्यात गावच्या जत्रेला न्यायचं तर किती दिवस आधी सांगायचं, दहावीचं वर्ष आलं की वेळापत्रक कसं बदलायचं, हे फक्त आई-बापच लिहू शकतात.

वेळ किती लागतो? २०२३ च्या मध्यस्थी कायद्यात १२० दिवसांची मर्यादा आहे, दोघांच्या संमतीने आणखी ६० दिवस. कायद्याची अंमलबजावणी टप्प्याटप्प्याने होते आहे. प्रत्यक्षात कुणाचं तीन-चार बैठकांत जमतं, कुणाचं अजिबात नाही.

सहीआधी कागद नीट वाचा

ठरलं की परस्पर संमतीचा अर्ज होतो, हिंदू विवाह कायद्याच्या कलम १३-ब खाली. हे कलम १९७६ मध्ये आलं. अर्जाआधी एक वर्ष वेगळं राहिलेलं असावं लागतं. वेगळं म्हणजे वेगळ्या छपराखालीच असं नाही. मुंबई-पुण्यात दुसरं घर परवडत नाही म्हणून एकाच फ्लॅटमध्ये, पण पती-पत्नी म्हणून न राहणारी जोडपीही यात बसतात. अर्जानंतर किमान सहा महिने थांबायचं, मग पुन्हा दोघांनी येऊन संमती सांगायची. २०१७ पासून हे सहा महिने कोर्ट माफ करू शकतं, पण सरसकट नाही. दीड वर्ष आधीच वेगळं राहून झालेलं असावं, समेटाचे प्रयत्न थकलेले असावेत, आणि पोटगी, मुलांचा ताबा वगैरे सगळं खरोखर मिटलेलं असावं. म्हणजे चांगली मध्यस्थी झाली असेल तर हे सहा महिनेही वाचू शकतात. विशेष विवाह कायद्याखालच्या लग्नांनाही जवळपास अशीच तरतूद आहे. मुस्लिम जोडप्यांत संमतीने वेगळं होण्याला मुबारात म्हणतात. गोव्यात पोर्तुगीज काळापासूनचा वेगळा दिवाणी कायदा चालतो, तिथला सल्ला तिथल्याच वकिलाकडून घ्यावा.

खरी कसोटी लागते ती कन्सेंट टर्म्स, म्हणजे दोघांनी मान्य केलेल्या अटींचा कागद, लिहिताना. हुकूम होईपर्यंत दोघांपैकी कुणीही संमती मागे घेऊ शकतं, हे विसरू नका. म्हणून सगळी रक्कम पहिल्याच दिवशी देऊ नये आणि घेणाऱ्याने सगळी शेवटावरही ठेवू नये. समजा २० लाख ठरले. पाच अर्ज दाखल होताना, सात दुसऱ्या वेळी संमती देताना आणि उरलेले आठ फौजदारी प्रकरण संपताना, तेही कोर्टासमोर डिमांड ड्राफ्टने, अशी वाटणी बरी. फौजदारी प्रकरणाचा मुद्दा महत्त्वाचा आहे. छळाची फिर्याद, जिला अजून सगळे जुन्या क्रमांकाने ४९८-अ म्हणतात आणि जी आता भारतीय न्याय संहितेच्या कलम ८५ मध्ये आहे, ती दोघांनी ठरवलं म्हणून मागे घेता येत नाही. उच्च न्यायालयात जाऊन रद्द करून घ्यावी लागते. तिथे कोण अर्ज करणार, कुणी कधी प्रतिज्ञापत्र द्यायचं, हे टर्म्समध्ये लिहिलेलं नसेल तर घटस्फोट होऊनही नवऱ्याची आई आरोपी म्हणून तारखांना जात राहते.

घराचं प्रकरण असंच फसवं. "फ्लॅट पत्नीला देण्यात येईल आणि कर्ज पती फेडेल" असं लिहून भागत नाही, कारण बँक तुमच्या तडजोडीत सामील नसते. कर्जावर दोघांची नावं असतील आणि हप्ता थकला, तर बँक दोघांच्या मागे लागते. बँकेकडून आधी लेखी घ्या. आणखी एक बारकावा असा, की महाराष्ट्रात राहतं घर नवऱ्याने बायकोला बक्षीसपत्राने दिलं तर मुद्रांक शुल्क फक्त २०० रुपये, वर स्थानिक अधिभार काय असेल तो. पण हे नातं असेपर्यंतच. हुकूम झाल्यावर ती पत्नी राहत नाही. त्यामुळे कागद कोणत्या क्रमाने करायचे, हे वकिलाला बैठकीतच विचारा.

स्त्रीधनाची यादी वस्तूनिहाय करा: पाटल्या, मंगळसूत्र, लॉकर कुणाच्या नावावर, चांदीचं ताट कुणाकडे. "सर्व स्त्रीधन मिळाले" या एका ओळीवर सही करू नका, जोवर ते खरोखर मिळत नाही. आणि आईने स्वतःची पोटगी सोडली तरी मुलाचा हक्क तिला सोडून देता येत नाही. "यापुढे मुलासाठी काहीही मागणार नाही" अशी ओळ कुणी घातलीच, तर ती मुलावर बंधनकारक नसते.

असा संमतीचा हुकूमनामा झाला की फॅमिली कोर्टाच्या कायद्याप्रमाणे त्यावर अपील नाही. ठरलेले पैसे आले नाहीत, तर नवीन दावा न लावता थेट वसुलीचा अर्ज करता येतो.

इथे मध्यस्थी नको

मार खाणाऱ्या बाईला मारणाऱ्यासमोर खुर्ची देऊन "दोघांनी समजुतीने घ्या" म्हणणं हा अन्याय आहे. जिथे धाक आहे, जिथे एकजण दुसऱ्याच्या नजरेकडे पाहून उत्तर देतो, तिथे आधी कोर्टाचं संरक्षण घ्यायचं. कौटुंबिक हिंसाचार कायदा २००५ खाली संरक्षणाचा आणि घरात राहण्याचा आदेश मागता येतो, तो मध्यस्थ देऊ शकत नाही. समोरचा मूल घेऊन निघून गेला, घर विकायला काढलं, खात्यातले पैसे हलवतोय, तरीही आधी कोर्ट. तातडीचा मनाई हुकूम मध्यस्थाच्या हातात नसतो. आणि जो माणूस धंद्याचं उत्पन्न दाखवतच नाही, त्याच्याशी आकड्यांवर बोलणं व्यर्थ आहे. त्याच्याकडून आधी कोर्टात मालमत्तेचं प्रतिज्ञापत्र घ्या, बँकेचे उतारे मागवा, मग हवं तर बसा. कोर्टात केस चालू असतानाही कोणत्याही टप्प्यावर मध्यस्थीकडे जाता येतं.

बायकांना एक गोष्ट वेगळी सांगायला हवी. लवकर मोकळं व्हावं म्हणून हक्काच्या रकमेवर पाणी सोडणाऱ्या अनेकजणी असतात. घरचेही "सोड ते पैसे, सुटलीस ना" म्हणतात. पण मध्यस्थ तटस्थ असतो, तो तुमची बाजू लढवत नाही. त्यामुळे बैठकीच्या आधी आणि सहीच्या आधी स्वतःचा वकील हवाच. पैसे नसतील तर विधी सेवा प्राधिकरण कायदा १९८७ च्या कलम १२ प्रमाणे कोणत्याही स्त्रीला, तिचं उत्पन्न कितीही असो, सरकारी खर्चाने वकील मिळतो. जिल्हा न्यायालयाच्या आवारात विधी सेवा प्राधिकरणाचं कार्यालय असतं, तिथे अर्ज करायचा.

परदेशात राहणाऱ्यांसाठी थोडं. लग्न इथे हिंदू पद्धतीने झालं आणि एकाने तिकडच्या कोर्टातून "पटत नाही" एवढ्याच कारणावर घटस्फोट घेतला, तर तो भारतात मान्य होईलच असं नाही. सर्वोच्च न्यायालयाने १९९१ मध्येच सांगितलं आहे की ज्या कायद्याने लग्न झालं त्यातलं कारण हवं, नाहीतर समोरच्याने त्या कोर्टाचा अधिकार राजीखुशीने मान्य केलेला हवा. म्हणूनच अशा जोडप्यांना संमतीचा मार्ग अधिक सुरक्षित. मध्यस्थीच्या बैठका व्हिडिओ कॉलवर होऊ शकतात, आणि त्यासाठी दर वेळी विमानाचं तिकीट काढायची गरज पडत नाही.

सुरुवात कशी करायची? केस आधीच चालू असेल तर वकिलामार्फत, किंवा स्वतः उभं राहून, मध्यस्थीकडे पाठवा अशी पुरसीस, म्हणजे लेखी निवेदन, कोर्टाला द्या. केस अजून टाकली नसेल तर जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडे दाखलपूर्व मध्यस्थीचा अर्ज करता येतो, ते समोरच्याला बोलावणं धाडतात. पहिल्या बैठकीला जाताना पगाराच्या पावत्या, तीन वर्षांची आयकर विवरणपत्रं, कर्जाचे उतारे, घराचे कागद, मुलाच्या फीच्या पावत्या आणि दागिन्यांची यादी बरोबर ठेवा. आई-वडील, भाऊ बाहेर बाकावर बसले तरी चालतील, आत शक्यतो तुम्ही दोघं आणि वकील. आणि नाहीच जमलं, तर प्रकरण जिथे थांबलं होतं तिथूनच कोर्टात पुढे चालतं.